गोदावरीतील अमोनियाचाही हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ आला की गोदावरीच्या शुद्धतेची चर्चा सुरू होते आणि ती बहुधा ‘बीओडी’च्या, म्हणजे पाण्यातील मैला कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या, आकड्यापाशी थांबते. तपोवन किंवा आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रातून नदीत सुटणाऱ्या पाण्यात अमोनिया किती शिल्लक आहे, हा प्रश्न त्या मानाने फारसा विचारला जात नाही. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवसांची असते आणि तिच्यात मुख्यतः सेंद्रिय मैलाच मोजला जातो. उलट, अमोनियातील एक ग्रॅम नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. हे काम केंद्रात झाले नाही, तर तो प्राणवायू नदीतूनच जातो.

केंद्रातील बहुतेक जिवाणू सेंद्रिय मैल्यावर जगतात. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा यांची रीत मात्र निराळी आहे. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट, आणि या रासायनिक क्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून ते स्वतःचे शरीर घडवतात; त्यासाठी त्यांना सूर्यप्रकाशही लागत नाही. निव्वळ अजैविक पदार्थांतून ऊर्जा मिळवून जगता येते, हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८७ ते १८९० या काळात आधी गंधकावर आणि मग अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंच्या अभ्यासातून दाखवले. १९७७ मध्ये गालापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल, मिट्ट काळोखात अशाच जिवाणूंच्या आधाराने जगणारी प्राणिसृष्टी सापडली, तेव्हा जग थक्क झाले. त्यांचे भाऊबंद आपल्या तपोवनात राबतात, याचे आपल्याला फारसे अप्रूप नाही.

अमोनियातून ऊर्जा अगदी थोडी मिळत असल्याने हे जिवाणू फार सावकाश वाढतात. अनुकूल परिस्थितीत सामान्य जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात, तर यांना कित्येक तास, पुष्कळदा एखादा दिवसही लागतो. याचा धडा मी घरच्या काचेच्या मत्स्यपेटीत घेतला. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेले असूनही एकदा मी गाळणीचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली लख्ख धुतला. पाणी नितळ दिसत होते, पण तीन-चार दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, आणि अमोनियाच्या चाचणीचा रंग गडद हिरवा आला. स्पंजावरची या जिवाणूंची वसाहत पुन्हा बसायला पाच आठवडे लागले. तोवर निम्मे मासे गेले होते.

शहराच्या केंद्रात हीच चूक अनेक वाटांनी होऊ शकते. क्रोमियम, निकेल, तांबे यांचे क्षार या जिवाणूंना घातक असतात. त्यामुळे सातपूर-अंबड भागातील एखाद्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या, कारखान्याने प्रक्रिया न करता पाणी गटारात सोडले, तर त्याचा फटका सर्वांत आधी यांनाच बसेल. हवा पुरवणारे ब्लोअर काही तास बंद ठेवून वीज वाचवली, तरी यांचे काम थांबते. नाशिकच्या थंडीत सांडपाण्याचे तापमान उतरते, तेव्हा त्यांची वाढ आणखी मंदावते आणि ते ज्यात राहतात तो टाकीतील गाळ एरवीपेक्षा जास्त दिवस राखावा लागतो.

अर्थात अमोनियाचे नायट्रेट झाले म्हणजे सारे संपले, असेही नाही. नदीत माजणाऱ्या पाणवेलींना खत म्हणून तेही चालते. त्याचे पुढे निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करायला प्राणवायूविरहित टाकी आणि वेगळे जिवाणू लागतात. म्हणून महापालिकेने प्रत्येक केंद्रात येणाऱ्या व तेथून सुटणाऱ्या पाण्यातील अमोनिया आणि नायट्रेट यांचे आकडे दर आठवड्याला केंद्राच्या फाटकावरील फलकावर आणि संकेतस्थळावर लावावेत, आणि शहरातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांना ते आकडे स्वतः नमुने घेऊन पडताळून पाहण्याची परवानगी द्यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
इंदिरानगर, नाशिक