सोमवारच्या सभेआधी

नाशिक, १४ डिसेंबर

प्रिय पक्या,

फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू" म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून पत्र. शिवाय हे फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच हसला असतास आणि मी चिडून फोन ठेवला असता.

आमच्याकडे ठीक. आईची साखर वर-खाली, माझी पाठ नेहमीसारखी. सिंहस्थाच्या नावाने जिकडेतिकडे रस्ते उकरलेत, तेव्हा पाठीचं नाव काढण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याचं. शाळेतला सकाळचा नाश्ता मी बंद केलाय. सगळ्यांचाच.

मागे तू शाळेवर आलास तेव्हा सगळं बघून गेलास. पाण्याची टाकी, टीव्ही, कंपाउंडची भिंत, सगळं लोकवर्गणीतलं. कंपाउंडर तात्या रिटायर झाल्यापासून दर शनिवारी पोरांची नखं, कान, डोकी तपासतात. चौथीतल्या त्या तोतऱ्या पोराला भजनी मंडळातल्या बुवांनी पखवाजाला बसवलं, आता तो बोल म्हणताना अडखळत नाही. तू मात्र नाक मुरडून म्हणालास, "लोकसहभाग म्हणजे सरकारला हात झटकायला मोकळीक." त्यावरून आपण मिसळ गार होईपर्यंत भांडलो आणि बिल मी दिलं.

नाश्ताही गावाचाच. सरकारची खिचडी आहे, शंभर ग्रॅम तांदूळ, साडेचारशे कॅलरी, बारा ग्रॅम प्रथिनं, सगळं कागदावर चोख. पण ती दुपारी. पोर सकाळी कोऱ्या चहावर घरून निघतं, आईबाप त्याआधीच बागेत गेलेले. दहा वाजले की पहिलीची अर्धी रांग बाकावर डोकं टेकायची. म्हणून गावाने गूळ-शेंगदाणे आणि बुधवारी उकडलेलं अंडं सुरू केलं. अनुदान नाही, जीआर नाही, कुणी फोटो काढायला आलं नाही. मला त्याचा फार अभिमान होता रे.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या आल्या. आम्ही तिघं शिक्षक संध्याकाळी बागाबागांतून फिरलो आणि पत्र्याच्या खोल्यांतून पोरं गोळा करून आणली. दाखला नाही, जन्माची नोंद नाही. २००९ च्या कायद्याने त्यासाठी कुणाला परत पाठवता येत नाही, आणि वर्ष मध्यावर आलं म्हणूनही नाही. नावं घातली. शिक्षकांची पदं मात्र ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात आणि ही पोरं येतात ती नेमकी त्यानंतर. ज्याने ही तारीख ठरवली त्याला एकदा डिसेंबरात माझ्या वर्गावर उभा करायचाय.

त्यात एक पोरगी आहे, आठेक वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ. त्याचं नाव सुरगाण्याच्या अंगणवाडीत, म्हणून तो इथे दुसरीच्या वर्गात बसतो. तिला वजाबाकी मांडता येत नाही. पण बापाने मुकादमाकडून उचल किती घेतली, डिपिंगमध्ये, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामात, त्यातली किती फिटली आणि किती राहिली, हे ती बोटं न मोडता सांगते. मी वहीवर करून बघितलं, बरोबर निघालं. बुधवारी अंडं सोलून पिवळं भावाला देते, पांढरं स्वतः खाते आणि टरफलं ओच्यात गोळा करून बाहेर टाकून येते. गावची पोरं ती वर्गभर करतात.

मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. नियमाने त्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. वर्गणी देणारे बागाईतदार सदस्य नाहीत, कारण त्यांची पोरं पिवळ्या गाडीने इंग्लिश मीडियमला जातात, पण तेही येऊन बसले. त्यातले एक शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वर्गणी गावाची आहे. नाश्ता गावच्या पोरांना द्या. टोळीच्या पोरांना खिचडी आहेच की."

माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी टोळीतल्या एका बाईचे दिवस भरले तेव्हा रात्री दोनला स्वतःच्या गाडीने सिव्हिलला नेलं. यंदा पावसाने त्याची बाग झोडपलीय, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. हे सगळं मला कळतं. पण ज्यांच्या हाताने त्याचे घड धुऊन-विरळून तयार होतात त्यांच्याच पोरांना गूळ नाही?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दुसरीतल्या एका पोराची आई, पॅकहाउसला जाते ती, खाली बघत म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरांनी त्यांच्या तोंडासमोर बसून खायचं?" त्यावर सगळ्यांनी चहा मागवला. मी सांगून टाकलं, द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर सोमवारच्या सभेपर्यंत कुणालाच नाही.

तेव्हापासून झोप नाही. माझ्या तत्त्वापायी गावची पोरंही उपाशी बसतात. स्वयंपाकवाल्या मावशी माझ्याशी बोलत नाहीत, भांडी आपटतात. तात्या दारात मुरमुऱ्यांची पिशवी ठेवून न बोलता निघून गेले. आमच्या धाकट्या मॅडम म्हणतात, सर, आपण तिघं पगारातून देऊ. मी नाही म्हटलं. आज आम्ही दिलं की गाव सुटलं, आणि माझी बदली झाली की पोरं पुन्हा कोऱ्या चहावर. तुला गंमत वाटेल, मॅडमला नाही म्हणताना मी तुझंच ते हात झटकण्याचं वाक्य वापरलं. श्रेय दिलं नाही.

सभेत मला तुझं नाव घ्यायचं होतं. अगदी ओठावर आलेलं. पण सत्काराच्या दिवशी मी ते घेतलं तेव्हा तू स्टेजवरून उतरून म्हणालास, "मी काय प्रदर्शनातला घड आहे का?" आणि मग कित्येक महिने बोलला नाहीस. पंगतीचा किस्सा तर मी कुणालाच सांगितलेला नाही, हिलासुद्धा. (मी लाडू संपवून मग तुझ्या मागे आलो, हे तू अजून ऐकवतोस. लाडू चांगले होते, पक्या.) त्या माणसांना कलम वाचून दाखवलं तर ते माना हलवतील. तू कुठल्या बाकावर बसायचास, कुणाच्या बागेतल्या खोलीतून यायचास, हे सांगितलं तर निदान चहा मागवणार नाहीत. त्यांच्यातल्या दोघांचे वडील तुला ओळखायचे.

तू स्वतः आलास तर प्रश्नच मिटला, पण तुझी कंपनी सोमवारी सोडणार नाही हे ठाऊक आहे.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिमणीचं बारावीचं वर्ष, तिला फार टोकू नका, आपले मार्क आठवा. वहिनींना नमस्कार. लंब्या भेटला होता, जाड झालाय, उसने अजून देत नाही.

सभा दुपारी चारला आहे. नाव घेऊ की नको, एवढं त्याआधी कळव. नको म्हणालास तर घेणार नाही, शिव्या तेवढ्या देईन. मीटिंगमधून कळवलंस तरी चालेल.

तुझा,
बंड्या