पाठांतराचं वय, वादाचं वय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या शालेय शिक्षणाच्या ५+३+३+४ वर्षांच्या टप्प्यांबद्दल आपल्या दैनिकात येणारी पत्रं मी रोज वाचते. बहुतेकांचा रोख एकच असतो, घोकंपट्टी बंद करा. चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झाले. मला वाटतं, दोष पाठांतराचा नाही. आपण ते भलत्या वयात करून घेतो.

जुन्या संस्कृत पाठशाळेतला क्रम बघा. सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी रूपावली (शब्दांची रूपं), समासचक्र (समासांचे प्रकार), अमरकोश (समानार्थी शब्दांचा श्लोकबद्ध कोश). वेदाची संथा असेल तर गुरुजींनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा. त्या वयात ताल पटकन बसतो आणि मूल कंटाळत नाही. मग काव्य यायचं. रघुवंशाचा श्लोक फोडायचा, अन्वय लावायचा, 'कः? किम्? कीदृशः?' विचारत एकेक पद जागेवर बसवायचं. मिसरूड फुटू लागलं की तर्क, आणि सगळ्यात शेवटी वाक्यार्थ, म्हणजे शास्त्रावरचा जाहीर वाद. तिथे आधी समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्याहून चांगला मांडून दाखवायचा, मगच खोडायचा. पहिल्याच पायरीवर जो थांबला त्याला यास्काचार्यांनी निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात, 'स्थाणुरयं भारहारः' म्हटलं आहे. वेद पाठ केला पण अर्थ जाणला नाही, तो नुसता भार वाहणारा खांब.

रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर नऊ मुलं येतात. सातवी-आठवीतली आहेत. गेल्या चैत्रात वाईजवळच्या पांडवगडाच्या अंगाला वणवा लागला होता. ओसरीवरून धूर दिसत होता, ज्वाळा दिसत नव्हत्या. मी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, तर्कशास्त्राचं पहिलं पुस्तक, काढला. 'बालानां सुखबोधाय' लिहिलेला ग्रंथ आहे, मुलांसाठीच. पर्वतो वह्निमान्, धूमवत्त्वात्. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे. दाखला काय, तर स्वयंपाकघर: जिथे धूर, तिथे अग्नी.

एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, आमच्या स्वयंपाकघरात गॅस आहे. जाळ आहे, धूर कुठंय?"

मी गप्प राहिले. कोपऱ्यातली मुलगी, एरवी तोंडातून शब्द काढत नाही, ती म्हणाली, "अरे, धूर तिथे अग्नी असं म्हटलंय. अग्नी तिथे धूर असं कुठे म्हटलंय?" तो विचारात पडला. मग त्याने दुसरा डाव टाकला, "पावसाळ्यात पसरणी घाटात धुकं असतं, ते लांबून धुरासारखंच दिसतं. मग तिथेही आग लागली म्हणायचं?" त्यावर अर्धा तास वाद रंगला. हेतूच, म्हणजे पुढे केलेलं कारणच, खरा नसेल तर अनुमान टिकत नाही, हे त्यांचं त्यांना सापडलं. या दोषाला शास्त्रात नाव आहे, ते मी शेवटी सांगितलं. आणि ही सगळी मुलं चौथीपासून माझ्याकडे पाठांतर करत आलेली आहेत. मूळ वाक्य जिभेवर होतं म्हणूनच त्यातला शब्द न् शब्द धरून भांडता आलं.

आता शाळेत काय चालतं? पहिली-दुसरीत पाढे, कविता पाठ करणं हळूहळू कमी झालं, का तर मुलांवर ओझं नको. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, तर आजच्या बहुतेक शिक्षकांनाही येत नाहीत. आणि पंधराव्या वर्षी, जेव्हा पोराला प्रत्येक गोष्टीत उलट बोलायचं असतं, तेव्हा आपण त्याच्या हाती गाइड देतो. शंभर गुणांचं संस्कृत 'स्कोअरिंग' म्हणून घ्यायचं आणि श्लोकांची भाषांतरं छापील शब्दांत पाठ करायची. मी शिकवत होते त्या शाळेत एका मुलाने स्वतःच्या शब्दांत अर्थ लिहिला, बरोबर लिहिला, तरी सराव परीक्षेत त्याचे गुण कापले गेले. मी भांडले, उपयोग झाला नाही. ती उत्तरपत्रिका अजून आठवते.

जुनं सगळं चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. माझ्या आजीला यातलं काही मिळालं नाही. भावाचा अमरकोश तिने माजघरातून ऐकून पाठ केला. अर्थ सांगायला कुणी नव्हतं. गावातल्या बहुतेक जातींना तर तेवढंही ऐकायला मिळालं नाही. पण याच वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी पुढे अस्पृश्यतेच्या विरोधात शास्त्राधारानेच बाजू मांडली, हेही विसरता येत नाही. ग्रंथ मुखोद्गत होते, वाद करायची रीत अंगात होती, म्हणून सनातन्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देता आलं.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. पाचवीपर्यंत रोज पंधरा मिनिटं मोठ्याने म्हणणं परत आणा, मराठी कविता, पाढे, सुभाषितं, काहीही. आठवीपासून आठवड्यातला एक तास असा ठेवा, की त्यात शिक्षकाने विधान करायचं आणि मुलांनी ते खोडायचं. दहावीच्या भाषांतराला छापील शब्दांशी ताडून गुण देऊ नका. पहिल्या दोन गोष्टींना तर शासन निर्णयाचीही वाट बघायला नको, कुठल्याही शिक्षकाला उद्यापासून सुरू करता येतील. ज्यांना असा तास बघायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी साडेसातला आमच्या ओसरीवर जरूर यावं. सध्या आम्ही अयोगोलकावर आहोत. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मुलं त्याच्यावरून अजून भांडतायत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाई