तंतुकणिकेचे चित्र आता बदलायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत नुकताच पेशीवरचा एक लेख आला. लेख उत्तम होता, आमच्या लॅबमधल्या मुलींनी तो कापून नोटीस बोर्डावर लावलाही. पण त्यासोबत छापलेले तंतुकणिकेचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे, चित्र फार जुने आहे. त्याबद्दल लिहिते आहे.

लांबट गोल आकार, भोवती दोन पटले (पातळ आवरणे), आणि आतले पटल ठिकठिकाणी नागमोडी आत वळलेले. प्रत्येक घडी जिथून निघते तिथे तिचे तोंड सताड उघडे. हेच चित्र मी दहावीला काढले, लॅब टेक्निशियनची डीएमएलटी पदविका करताना काढले, आणि आज माझा भाचा कॉलेज रोडवरच्या नीटच्या क्लासच्या वहीत काढतो. या चित्राचे मूळ १९५२-५३ सालचे. जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतुकणिकेतल्या घड्या दाखवल्या, त्यांना क्रिस्टी हे नाव दिले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये फ्रिट्योफ स्योस्ट्रांड यांना त्या घड्या म्हणजे आतल्या पटलापासून सुट्या असलेल्या भिंती वाटल्या. पुढे पलाडे यांचे चित्र पुस्तकांत रुजले. त्यांना १९७४ साली नोबेल मिळाले, आणि त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्या काळी हाताशी होते ते पेशीचे पातळ काप. काप कितीही पातळ घेतला तरी साधारण पन्नास ते ऐंशी नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा, आणि घडी जिथे आतल्या पटलाला जोडलेली असते तो भाग जेमतेम तीस नॅनोमीटर रुंदीचा. कापाच्या जाडीत तो हरवून जाणारच.

१९६६ साली डाम्स आणि विसे यांनी उंदराच्या यकृतात घडीला बारीक देठ असल्याचे नोंदवले होते, पण पाठ्यपुस्तकांपर्यंत ते पोहोचले नाही. खरा उलगडा १९९० च्या दशकात झाला. कापाचा एकच फोटो न घेता तो थोडा थोडा तिरपा करत अनेक फोटो घ्यायचे आणि संगणकावर त्यांतून त्रिमिती आकार उभा करायचा, हे तंत्र हाती आले. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीला कारमेन मॅनेला यांनी उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिका अशा पाहिल्या, सॅन डिएगोला टेरेन्स फ्रे आणि गाय पर्किन्स यांनी इतर ऊतींतल्या. घडीचे तोंड उघडे नाहीच. आतले पटल बाहेरच्या पटलाला लागून सलग पसरलेले असते, आणि त्यातून अरुंद नळीसारख्या मानेने क्रिस्टीच्या पोकळीत शिरता येते. जुन्या नाशकातल्या वाड्यात अंधाऱ्या बोळातून आत गेल्यावर एकदम प्रशस्त चौक लागतो, तशी ही रचना आहे. या मानेला क्रिस्टी जंक्शन म्हणतात. तीस वर्षे होत आली, आपले चित्र मात्र जिथल्या तिथे.

एवढ्याशा मानेसाठी पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण तंतुकणिकेचे निम्मे काम या मानेवर अवलंबून आहे. बाहेरच्या पटलात पोरिन नावाच्या प्रथिनाची छिद्रे असतात, पाच हजार डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक) रेणू त्यांतून ये-जा करतात. आतले पटल मात्र साधा प्रोटॉनसुद्धा सहजी सोडत नाही. त्या सहा-सात नॅनोमीटरच्या पटलाच्या दोन बाजूंत दीडशे ते एकशे ऐंशी मिलिव्होल्टचा फरक टिकवलेला असतो, आणि त्याच जोरावर एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतो. पीटर मिचेल यांनी हे १९६१ साली मांडले, १९७८ चे नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळाले. एटीपी बनवणारी एटीपी सिंथेज ही यंत्रे आतल्या पटलावर कुठेही विखुरलेली नसतात. ती दोन-दोनच्या जोडीने, रांगेत, घडीच्या तीव्र वळणाच्या धारेवर बसतात, आणि पटलाला तो बाक द्यायला त्यांचाच हातभार असतो. मानेपाशी मायकॉस नावाचा प्रथिनांचा समूह असतो. तो २०११ साली आधी यीस्टमध्ये ओळखला गेला. ओपीए१ हे दुसरे प्रथिन मान आवळून धरते. सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन बहुतांश घडीच्या आत कोंडलेले असते. मान सैल पडली आणि बाहेरचे पटल फुटले की ते पेशीत सांडते आणि पेशी स्वतःला संपवायला लागते. ओपीए१ च्या जनुकात दोष असलेल्या काही मुलांची नजर शाळकरी वयातच मंदावते, कारण डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते. तोंड सताड उघडे असलेले चित्र समोर ठेवून यातले काय समजावून सांगणार?

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. चित्राखाली ऊतीचे नाव नव्हते, जणू शरीरभर एकच नमुना आहे. हृदयाच्या स्नायूत पेशीच्या घनफळाचा चौथा ते तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी व्यापलेला असतो आणि त्यांतल्या घड्या एकमेकींना चिकटून दाटीने बसलेल्या असतात. यकृतात घड्या तुलनेने विरळ. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या बाहेरच्या थरात घड्या पत्र्यासारख्या नसून नळीसारख्या असतात, आणि कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड संप्रेरक बनवण्याची पहिली पायरी तिथल्या आतल्या पटलावरच घडते. नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत याच पटलात एक प्रथिन असते, ते प्रोटॉनना एटीपी न बनवताच परत आत येऊ देते, त्यातून उष्णता निघते आणि बाळ गारठत नाही.

आणि तांबड्या पेशीत तर काहीच नाही! परिपक्व तांबड्या पेशीत एकही तंतुकणिका नसते. ती ग्लुकोज अर्धवट मोडूनच भागवते. म्हणून तर साखरेसाठीचे रक्त आम्ही फ्लोराइड घातलेल्या करड्या टोपणाच्या नळीत घेतो. साध्या नळीत ठेवले तर या पेशी दर तासाला पाच-सात टक्के साखर संपवत राहतात. मी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवीन मुलींना नळ्यांचे रंग पाठ करायला लावण्याआधी मी हे कारण सांगते.

आमच्या फ्रिजमध्येही आतल्या पटलाचा एक घटक बाटलीत भरून ठेवलेला असतो. गरोदर बायकांची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची, चाचणी रोज असते, तिच्या अँटिजेनमध्ये (चाचणीसाठी रक्तात मिसळायच्या द्रावात) लेसिथिन आणि कोलेस्टेरॉलसोबत कार्डिओलिपिन हा मेद असतो. सस्तन प्राण्यांच्या पेशीत ते जवळजवळ फक्त तंतुकणिकेच्या आतल्या पटलातच सापडते. मेरी पँगबॉर्न यांनी १९४२ साली गुरांच्या हृदयातून ते वेगळे काढले. पटलांतल्या इतर फॉस्फोलिपिड मेदांना मेदाम्लांची दोन शेपटे, याला चार, त्यामुळे पटल जिथे वळते तिथे ते चपखल बसते. ते नीट घडत नसेल तर बार्थ सिंड्रोम होतो, हृदयाचे स्नायू दुबळे असलेली मुले जन्माला येतात. या बाटलीकडे नुसते रिएजंट म्हणून बघणाऱ्या विद्यार्थिनींना ते कुठल्या पटलातून आले, हे ठाऊक असावे, अशी माझी फार इच्छा आहे.

परीक्षेची भीती घालणारे पालक भेटतात. पण नवे चित्र काढल्याने एकही गुण जाणार नाही, नावे तीच द्यायची आहेत. तेव्हा विनंती एवढीच, की पुरवणीत एक सुधारित चित्र पुन्हा छापा आणि ते हृदयाचे, यकृताचे की आणखी कशाचे, हे खाली लिहा. वर्गात भिंतीवर तुमचेच चित्र लागते.

विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करायला घेणाऱ्या शाळांना थोडे सांगते. एक नॅनोमीटरला एक मिलिमीटर असे प्रमाण धरा. अर्ध्या मायक्रोमीटर रुंदीची तंतुकणिका अर्धा मीटर रुंद होईल, वर्गात सहज मावेल. दोन्ही पटलांना द्राक्षांच्या पेट्यांचा पाच पदरी पुठ्ठा लावा, जाडी बरोबर जुळते. बाहेरच्या पटलाला तीन मिलिमीटरची भोके पाडा, ती पोरिनची. मानेसाठी प्लंबिंगच्या दुकानातून सव्वा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून आणा. आणि एटीपी सिंथेजच्या डोक्यांसाठी एक सेंटीमीटरचे मणी घ्या. ते घडीच्या धारेवर जोडीजोडीने चिकटवायचे, सपाट भागावर नाही.

आपली,
एक लॅब टेक्निशियन,
इंदिरानगर, नाशिक