फॉरवर्डपलीकडचं वाचायला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांमुळे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसं होती ती! त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. तरी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दुहेरी बाणाचे, म्हणजे वारंवार फॉरवर्ड झालेले, संदेश चहाच्या आधी येऊन पडतात. निवडणुकीत तर विचारूच नका. खाली ना लेखकाचं नाव, ना तारीख. मी विचारते, ‘हे छापलंय कुठे?’ भाचेसून रागावते. रागावू दे.

इंटरनेटवर राजकारण, जात, मोबाइलने बदललेली घरं यांवर मराठीतही कसदार लेखन होतंय. ते आमच्यापर्यंत पोचवणार कोण? सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेडोपाडी जात. तसे रविवार पुरवणीत चार निवडक लेख क्यूआर कोडसह सुचवा, लेखकाच्या नावासकट. विरोधी मताचा एक तरी हवाच. आणि कोड जरा मोठा छापा, आमच्या जुन्या फोनना बारीक वाचता येत नाही.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा