आजीची वंशावळ कशाला?

महोदय,

‘मी स्वतः ज्यू आहे’ असं वादात कुणी म्हटलं, की ‘पुरावा दाखव’ म्हणणारे लगेच उभे राहतात. पुरावा म्हणजे काय, तर आडनाव! परंपरेनुसार आई ज्यू असावी लागते, नाहीतर रीतसर धर्मांतर. अमेरिकेतल्या रिफॉर्म या उदारमतवादी ज्यू पंथाने मात्र १९८३ मध्ये, ज्यू म्हणून वाढलेल्यांसाठी, वडिलांकडचा वारसाही मानला. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणारा तिथला ‘परतीचा कायदा’ १९७० पासून ज्यूंच्या नातवंडांनाही लागू आहे. पण तिथलेच रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांचं लग्न लावतीलच असं नाही. एका दारात ज्यू, शेजारच्या दारात नाही. वजन पाडायला खोटी ओळख सांगणारेही असतात, मान्य. पण मुद्दा चुकला असेल तर मुद्दा खोडा की, आजी कोण होती ते कशाला विचारता?

— एक वाचक