आरसा धरणाऱ्या सिन्योरांना

प्रिय सिन्योरा,

तुमचं नाव मी विचारलंच नाही, म्हणून इटालियनमधलं नुसतं ‘सिन्योरा’, म्हणजे बाई. पुस्तक छापून हातात आलं त्या दिवशी सगळ्यात आधी हेच आठवलं आणि रडू आलं. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही, ठाऊक आहे. तरी हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं.

प्राचीन रोमच्या बायकांवर मराठी मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचं, हे चार वर्षं माझ्या डोक्यात होतं. सीझर, नीरो ही नावं आमच्या मुलांच्या कानावर असतात. पण इ.स.पू. 42 मध्ये 1400 श्रीमंत बायकांवर युद्धासाठी कर लादायचं ठरलं, तेव्हा भर फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, उभं राहून ‘ज्या कारभारात आम्हाला वाटा नाही त्याचा भार आम्ही का उचलायचा’ असं विचारणारी होर्टेन्सिया? दुसऱ्याच दिवशी ती यादी 400 वर आली. किंवा उत्तर ब्रिटनमधल्या विंदोलांडाच्या छावणीतल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावणारी क्लॉडिया सेवेरा? इ.स. 100 च्या सुमाराची ती चिठ्ठी, लाकडाच्या पातळ पट्टीवरची. मजकूर दुसऱ्याच्या अक्षरात, आणि शेवटी तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या प्रेमाच्या ओळी. मला या बायका आमच्या पोरींना भेटवायच्या होत्या.

ज्यांनी मदत करायची त्यांनी काय केलं, तेही सांगते. एका प्रकाशकांनी चित्रांची फाइल न उघडताच ‘रोमच्या बायका इथे कोण विकत घेणार’ म्हणून परत दिली. छायाचित्रं पुरवणाऱ्या एका मोठ्या संस्थेला नऊ मेल केले. उत्तर आलं ते फक्त दरपत्रक. आणि एक नावाजलेले अभ्यासक म्हणाले, ‘मुलांचंच पुस्तक ना? काढा अंदाजाने.’ हे ‘अंदाजाने’ मला फार लागलं. मुलांना म्हणून काहीही खपवायचं?

माझं अडलं होतं ते केसांपाशी. रोमन राण्यांच्या केशरचना कारकिर्दीगणिक बदलत गेल्या, इतक्या की बिननावाच्या पुतळ्याचा काळ अभ्यासक केसांवरून ठरवतात. पण पुस्तकांतले फोटो बहुतेक समोरून. सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको धाकटी फाउस्टिना मानेवर खोपा घालायची, आणि तो मागून कसा होता तेच मला दिसत नव्हतं. माझी फाउस्टिना मुखवट्यासारखी दिसायची.

म्हणून पैसे जमवून रोमला आले. कॅपिटोलाइन संग्रहालयातलं ते सम्राटांचं दालन: मध्यभागी बसलेली हेलेना, भिंतीलगत दोन ओळींत अर्धपुतळे, सगळ्यांच्या पाठी भिंतीकडे. मी मान वाकडी करून करून बघत होते. तुम्ही दोनदा माझ्याकडे पाहिलंत. वाटलं, आता ओरडणार. मी वही दाखवली, स्वतःच्या अंबाड्यावर हात ठेवला. तुम्ही पर्समधून छोटा गोल आरसा काढलात आणि पुतळ्याला जराही न लावता मागच्या फटीत धरलात.

त्या आरशात गुंडाळलेली वेणी दिसली. मी काढत राहिले. तुमचा हात दुखायला लागला तेव्हा तुम्ही आरसा दुसऱ्या हातात घेतलात. खाली ठेवला नाहीत. मनगटावर एक काळा तीळ होता, तो मला अजून दिसतो.

तुम्हाला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. माझ्याकडे शिफारसपत्र नव्हतं, आपल्याला एकमेकींची भाषा येत नव्हती. हातातलं काम नीट व्हावं म्हणून अनोळखी माणसासाठी हात अवघडू देणारी माणसं असतात, म्हणून तर जग चाललंय. मोठ्या खुर्च्यांवरून ‘बघू’ म्हणणाऱ्यांमुळे नाही.

एक गोष्ट कदाचित तुम्हाला आवडेल. अमेरिकेतल्या एका केशरचनाकार बाईंनी 2008 मध्ये दाखवून दिलं, की असल्या रचना नुसत्या केसांच्या आकड्यांनी नाही, सुईदोऱ्याने शिवून बसवता येतात. म्हणजे राणीच्या मागे सुई घेऊन एक दासी उभी असणार. म्हणून फाउस्टिनाचं पान मी पाठमोरंच केलं. जर्मनीत ट्रियरच्या संग्रहालयात एक रोमन शिल्प आहे: वेताच्या खुर्चीत बसलेली बाई, भोवती दासी, एकीच्या हातात आरसा. तशीच एक दासी मी त्या पानावर काढलीये. तिच्या मनगटावर तीळ आहे.

तुमची,
वहीवाली बाई