ऐक्याच्या नावाखाली तोंड बंद कशाला?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

ख्रिस्ती लोकांनी एक व्हावं हे सगळेच म्हणतात, उपदेशात म्हणतात, कन्व्हेन्शनमध्ये म्हणतात, आणि घरी गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्या चर्चवाल्यांचा बाप्तिस्मा कसा खोटा ते फॉरवर्ड करत बसतात. पण माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीये. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, कुणी हिशोब विचारला, कमिटीबद्दल शंका काढली की लगेच "ऐक्य बिघडवू नका" म्हणून त्यालाच गप्प करतात, हे जास्त खटकतं.

पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने असं कधी केलं नाही बघा. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलं होतं, दोघीही सुवार्तेसाठी राबलेल्या. पौलाने सगळ्या मंडळीसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात दोघींची नावं सरळ लिहिली, एकमनाच्या व्हा म्हणून दोघींना वेगवेगळी विनंती केली, आणि तिथल्या एका सोबत्याला सांगितलं की यांना मदत कर. भांडण झाकून ठेवलं नाही की कुणा एकीला बाहेर काढलं नाही, आणि चूक कोणाची हेही लिहिलं नाही!

करिंथला तर गटबाजीच होती, कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी अपुल्लोस या उपदेशकाचा, कुणी केफाचा म्हणजे पेत्राचा. त्यावर पौल विचारतो, पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर गेला का? म्हणजे स्वतःच्याच गटालाही त्याने सोडलं नाही. आणि करिंथकरांच्या त्याच पहिल्या पत्रात पुढे अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचं, येतं, तिथे एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, हे वाचलं की फूट फक्त शिकवणीवरून पडते असं म्हणवत नाही, ती ताटावरूनही पडते, कोण आधी जेवतं आणि कोणाला थांबवतात त्याच्यावरून.

शिकवणीवरून पडणारी फूटही खरीच आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले, १५ मुद्द्यांपैकी १४ जमले आणि प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं का, यावर अडलं. ल्यूथरने टेबलावर खडूने "हे माझं शरीर आहे" लिहून ठेवलं होतं म्हणतात, तिथून तो हलला नाही, आणि झ्विंग्लीही आपल्या मतावर ठाम. युरोपातल्या ल्यूथरन (ल्यूथरच्या परंपरेतल्या) आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्लीच्या बाजूच्या) मंडळ्यांनी एकमेकांच्या प्रभुभोजनाला मान्यता दिली ती १९७३ च्या लॉयनबर्ग करारात, म्हणजे चारशेहून जास्त वर्षं गेली. तेही कुणी आपली परंपरा सोडून नाही, वाद जिथे होता तिथेच बसून परत बोलून. मला वाटतं इतका वेळ लागला यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लाज वाटायला हवी ती मधल्या काळात एकमेकांना शिव्या घातल्या त्याची.

आता कुणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, आपापल्या ठिकाणी प्रार्थना करू की. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशूने शिष्य एक व्हावेत म्हणून प्रार्थना केली तिथे कारणही दिलंय, जगाने विश्वास ठेवावा म्हणून. बाहेरचा माणूस आपली पत्रकं वाचत नाही हो, आपण एकमेकांशी कसं वागतो ते बघतो.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो, १९०८ पासून चालू आहे. बऱ्याच ठिकाणी एक संयुक्त भक्ती, एक ग्रुप फोटो, की संपला सप्ताह. माझी सूचना साधी आहे, फोटो बाजूला राहू द्या, त्याऐवजी त्या आठवड्यात दोन मंडळ्यांनी मिळून आजाऱ्यांना भेटावं आणि एका रविवारी एकमेकांचे पाळक उपदेशाला बोलवावेत, आणि मंडळीचे हिशोब विचारणाऱ्याला त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर उत्तर द्यावं. यात कुणाचा सिद्धांत बदलत नाही. माइक कुणाकडे आणि पहिली खुर्ची कुणाची यावरून सुरुवातीला थोडी कुरबुर होईल, ती होऊ दे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक